बिल्ल्याचं नाव

निवृत्त झाल्यावरही मी वर्तमानपत्र मागच्या पानाकडून वाचतो. आधी जाहीर नोटिसा, मग निधनवार्ता, मग छोट्या जाहिराती आणि शेवटी बातम्या. उपसंपादक म्हणून तीस वर्षांहून जास्त काळ काम केल्याची ही खोड आहे. बातमी घाईत लिहिलेली असते. नोटीस वकिलाने दोनदा वाचलेली असते, त्यामुळे तिच्यातलं नाव सहसा चुकत नाही.

त्या मंगळवारच्या अंकात आठ नोटिसा होत्या. पाचवी हिंजवडीतल्या एका जमिनीची होती. मयत खातेदाराचे वारस ती जमीन विकत आहेत. तीत आणखी कुणाचा वारसाहक्क असल्यास त्याने चौदा दिवसांच्या आत लेखी कळवावं, न कळवल्यास तसा हक्क नाही असं समजलं जाईल, असा नेहमीचा मजकूर होता. मयत खातेदाराचं नाव माझं मधलं नाव होतं. आडनावही माझंच होतं.

नाव आणि आडनाव दोन्ही जुळणं अशक्य नाही. पण गावही जुळत होतं. आईने मला वडिलांविषयी चार गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांचं नाव, त्यांचं गाव हिंजवडी, ते पेठेतल्या जुन्या भुसार बाजारात हमाल होते, आणि मी जन्मायच्या आधीच ते वारले. चारपैकी दोन जुळत होत्या. हमालीचा नोटिशीत उल्लेख नव्हता. चौथी जुळत नव्हती, कारण नोटिशीत मृत्यूचं साल दिलेलं होतं आणि त्या साली मी पदवी घेऊन नोकरीला लागलो होतो.

म्हणजे आई माझ्याशी खोटं बोलली होती, किंवा तिच्याशी कुणी खोटं बोललं होतं. या दोन शक्यता मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवल्या. तिसरी मला सुचली नाही.

आई पेठेतल्या एका प्रसूतिगृहात आया होती. आम्ही एका खोलीत राहत होतो. घरात वडिलांचा फोटो नव्हता, लग्नाचा कागद नव्हता, वडिलांकडचं कुणी कधी आलं नाही. शाळेत माझं नाव घालताना तिने वडिलांचं नाव आणि आडनाव तोंडी सांगितलं, मास्तरांनी ते लिहून घेतलं. पुढचे सगळे कागद त्या एका नोंदीवरून झाले. परीक्षेचे दाखले, नोकरीचा अर्ज, लग्नाची पत्रिका, माझ्या लेखांवर छापलं गेलेलं नाव, सगळे.

ती जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात एका दुपारी ती म्हणाली, "मी एकदा गेले होते तिथे. त्यांनी दार लावून घेतलं." कुठे, कुणी, असं मी विचारलं. तिने पाणी मागितलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

हिंजवडीची बातमी नाही असा आठवडा आमच्या पेपरात क्वचित जायचा. आधी जमिनी, मग कंपन्या, मग वाहतूक. त्यातल्या बऱ्याच बातम्या माझ्या हातून गेल्या. हे माझ्या वडिलांचं गाव आहे, असं मी कार्यालयात कुणाला सांगितलं नाही आणि स्वतः कधी गेलोही नाही. वडील वारले असतील तर तिथे भेटणार कोण, असं मी स्वतःला सांगत असे. आईचं ते वाक्य ऐकल्यावर तर जायची इच्छाच उरली नाही.

नोटीस मी पत्नीला वाचून दाखवली.

"अहो, साठ वर्षं नाव लावलंत," ती म्हणाली. "आता खात्री करायची आहे का?"

"चौदा दिवसांची मुदत आहे."

"ती जमिनीला. तुम्हाला कुठे आहे मुदत?"

मला दोन गोष्टी हव्या होत्या. हा माणूस माझा बाप होता का, आणि असेल तर दार का लावलं. दोन्हींची उत्तरं देऊ शकणारी माणसं किती उरली आहेत हे मला माहीत नव्हतं. जमीन विकली की ती माणसंही पांगतील, एवढं नोटिसा वाचून मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबवेवाडीहून निघालो. हिंजवडीला पोचायला दोन बस आणि पावणेदोन तास लागले. शेवटचे दोन किलोमीटर आमची बस कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे उभी होती. गावठाणात घर विचारलं तर पहिल्याच दुकानदाराने दाखवलं. तीन मजली बंगला होता. वरच्या दोन मजल्यांवर कंपन्यांत काम करणारी मुलं भाड्याने राहत होती, त्यांचे टॉवेल कठड्यावर वाळत होते. खाली पोर्चमध्ये मयत खातेदाराचा मुलगा खुर्चीत बसला होता. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा निघाला.

"वकिलानं पाठवलं का?" त्याने विचारलं.

"नाही. नोटीस वाचून आलो."

"मंजी वाटा."

"वाटा नको. माहिती हवी आहे."

तो हसला. "साहेब, हितं कंपन्या आल्यापास्नं आमाला इतके भाऊ झालेत, आमच्या आईलासुद्धा ठाऊक नव्हते. समदे पहिल्यांदा माहितीच मागतात."

मी ओळखपत्र पुढे केलं. त्याने ते लांब धरून वाचलं. मग जवळ धरून वाचलं. त्याचं हसणं थांबलं. ओळखपत्र परत न देता तो उठला आणि मला आत घेऊन गेला.

बाहेरच्या खोलीत त्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. मी तो पाहिला. रुंद चेहरा, जाड भुवया, डोक्याला फेटा. माझ्या चेहऱ्याशी त्याचं काही साम्य मला दिसलं नाही, पण हार घातलेल्या फोटोवरून काही ठरवू नये. स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर एक म्हातारी बसली होती. वय नव्वदीच्या जवळ. ती फोटोतल्या माणसाची बायको.

"कोन हाय?" तिने मुलाला विचारलं.

"पुण्याचं हायत. आबांचं इचारत्यात."

"वय काय?"

मी सांगितलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"काखेत पोर व्हतं तिच्या," ती म्हणाली. "तेच का रं तू?"

मी म्हणालो, बहुतेक तोच.

पुढचं तिने न विचारता सांगितलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. "भात झोडत व्हतो आमी. सकाळच्या गाडीनं आली. म्हनली, ह्याचा बाप हितं राहतो. म्या म्हनलं, हितं माझा नवरा राहतो. तिनं नाव घेतलं, सासऱ्याचं नाव घेतलं, समदं बराबर. म्या दार लावलं."

"ते घरी होते का तेव्हा?"

"न्हाई. बाजारात. शनवारी आला. म्या इचारलं. म्हनला, तो म्या न्हवं. म्हनलं, मग कोन? तर गप. दुसऱ्या शनवारी म्हनला, माझा बिल्ला दुसऱ्याच्या दंडाला व्हता. म्हनलं, असंल. त्याला हितं आन. आनला न्हाई."

"मग?"

"मग म्या बोलले न्हाई."

"किती दिवस?"

मुलगा म्हणाला, "आबा जाईपर्यंत."

मी नोटिशीतल्या सालावरून हिशेब केला. तेवीस वर्षं. ती त्याचं ताट वाढायची, धोतर धुवायची. सांगायचं असेल ते मुलांकरवी सांगायची. बापाला म्हनावं, जेवाया ये. बापाला म्हनावं, बैल सुटलाय. मुलगा म्हणाला, आपल्या घरात असंच असतं असं त्याला लहानपणी वाटायचं. शाळेतल्या मित्राच्या घरी आई-बाप एकमेकांशी बोलताना पाहून तो घाबरला होता.

"मरताना पानी पाजलं म्या," म्हातारी म्हणाली. "तवाबी बोलले न्हाई."

पोर्चमध्ये परत आल्यावर मुलाने चहा मागवला आणि कामाचं बोलायला लागला. घेणारा मोठा बिल्डर होता. त्याचा वकील कडक. उद्या कुणी उभं राहिलं तर व्यवहार अडकणार. दोन्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या. मीही करावी.

"भाऊ असाल तर असाल," तो म्हणाला. "आमी न्हाई म्हनत न्हाई. सही करा आन् जेवून जा."

बहिणींच्या हक्कसोडपत्राची प्रत त्याने मला वाचायला दिली. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होतं: मी मयत अमुक यांची मुलगी असून, सदर मिळकतीतील माझा वारसाहक्क स्वखुशीने सोडून देत आहे. माझ्या कागदात मुलगीच्या जागी मुलगा येणार होतं.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझ्या सगळ्या कागदांवरचं वडिलांचं नाव एकट्या आईच्या सांगण्यावरून आलं होतं. ती एका बाजूची माहिती होती. इथे दुसरी बाजू ते लेखी मान्य करायला तयार होती. हक्क सोडायचा तर आधी तो असल्याचं दोघांनी लिहून द्यावं लागत होतं. सोडायला माझी काहीच हरकत नव्हती. त्या दिवशी लगेच सही केली असती तर मला बाप मिळाला असता आणि हा मजकूर लिहायची वेळ आली नसती.

पण म्हातारीने सांगितलेल्यात एक वाक्य होतं. माझा बिल्ला दुसऱ्याच्या दंडाला होता. मी मुलाला त्याचा अर्थ विचारला.

"बहाना," तो म्हणाला. "मानूस सापडला की कायतरी बोलतोच."

एका माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही, हा आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम होता. मी चार दिवस मागून घेतले.

जुना भुसार बाजार पेठेतून हलून मार्केट यार्डात गेला त्याला अनेक वर्षं झाली. तिथे दोन सकाळी विचारपूस केली. हिंजवडीच्या त्या हमालाच्या टोळीतला त्या काळातला एकच माणूस हयात होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. काम सोडून तीन दशकं झाली तरी रोज सकाळी नातवाच्या गाडीवर बसून यायचा आणि भुसाराच्या गाळ्यांसमोर चहाच्या टपरीवर बसायचा. टोळीत वाचता येणारा तो एकटा होता, म्हणून विशीतच हजेरी घ्यायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"कोन्त्या पेपराचे?" त्याने विचारलं.

"आता कुठल्याच नाही."

"मग बसा."

मी नाव सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"त्या नावाचे दोन व्हते," तो म्हणाला. "एक हिंजवडीचा, खरा. दुसरा बदली."

मग त्याने मला बिल्ल्याचं समजावून सांगितलं. प्रत्येक हमालाच्या दंडाला नंबर कोरलेला पितळी बिल्ला बांधलेला असे. नंबरापुढे वहीत नाव, बापाचं नाव आणि गाव. बिल्ल्याशिवाय बाजारात पोत्याला हात लावता येत नसे. बिल्ले मोजके होते आणि हजेरी फार दिवस चुकली की बिल्ला काढून दुसऱ्याला देत. म्हणून कुणाला काही महिने दुसरीकडे जायचं असेल, तर तो आपल्या जागी गुपचूप एक बदली माणूस ठेवायचा. त्याला बंदी होती. बदली माणसाला बिल्ल्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव पाठ करावं लागे, कारण तपासायला आलेला साहेब तेच विचारत असे. हिंजवडीवाला त्या वेळी पिंपरीकडे एका कारखान्यात लागला होता. कायम करतील अशी आशा होती. घरी त्याने ते सांगितलं नव्हतं; कायम झाल्यावरच सांगणार होता. दीड वर्षाने कारखान्याने काढलं आणि तो परत आला.

"त्या बदली माणसाचं नाव काय?"

"तेच."

"त्याचं स्वतःचं नाव?"

"तेच तर सांगतोय साहेब. आमी इचारलंच न्हाई. खरं नाव ठाऊक असलं की कवातरी तोंडातनं निघतं. साहेबाच्या म्होरं निघालं की गेला बिल्ला. म्हनून जेवताना, झोपताना, शिव्या देतानासुद्धा बिल्ल्याच्याच नावानं हाक."

"गाव?"

"नगरकडचा असंल. न्हाईतर त्याच्याबी पल्याडचा. बोलीवरनं सांगतोय. इचारलं न्हाई."

आणखी काय आठवतं, असं मी विचारलं. त्याला तीन गोष्टी आठवल्या. तो माणूस उंच होता. तिखट खात नसे, त्यामुळे त्याची भाकरी कुणी पळवत नसे. आणि तो डावखुरा होता. पोत्याला हूक डावीकडून लावायचा, त्यामुळे थप्पी रचताना समोरच्याला बाजू बदलावी लागे. टोळी त्याला उलटा म्हणून चिडवायची.

मी उजव्या हाताने लिहितो. माझी मुलगी डावखुरी आहे. याला पुरावा म्हणत नाहीत, पण मी ते वहीत लिहिलं.

"त्याची कुणी बाई होती का?" मी विचारलं.

"दवाखान्यातली. देवळात माळ घातली म्हनायचा. आमी चेष्टा करायचो, लगीन तुझं झालं का बिल्ल्याचं? हसायचा नुस्ता." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी तिचे व्हय."

"तिला दिवस गेलेले त्याला माहीत होतं?"

"असंलच की. मूळ मालक आला त्याच दिशी बिल्ला सोडावा लागला त्याला. दुसरा बिल्ला घावला की येतो म्हनला आन् ट्रकवर बसला. आला न्हाई."

मी थांबलो नाही. मुलाखतीत थांबलं की माणूस सावध होतो. ती बाई नंतर बाजारात आली होती का, असं विचारलं.

"आली ना. पोर घिऊन. त्याचं नाव घिऊन इचारत व्हती, कुठंय, कुठंय. मूळ मालक तवा धा हातावर पोतं उचलत व्हता. त्याला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई. मी म्होरं झालो. म्हनलं, गावाला गेला."

"असं का सांगितलंत?"

"मग काय सांगू? तो बदली व्हता म्हनू, चार मानसांत? परक्या बाईला?"

"म्हणून ती हिंजवडीला गेली."

"गाव तिला पाठ व्हतं. त्यानं सांगितलेलं. म्या न्हाई सांगितलं."

मी ते तसंच लिहून घेतलं. मग हिंजवडीच्या घरातल्या अबोल्याविषयी त्याला विचारलं. त्याला ते माहीत होतं. खुद्द हिंजवडीवाल्याने त्याला विनवलं होतं, घरी चल आणि माझ्या बायकोला एकदा सांग. तो गेला नाही. त्या वेळी टोळीत तीन बिल्ले बदलीवर होते. एकाचं बाहेर फुटलं असतं तर तिन्ही गेले असते, तीन घरं बसली असती.

"नंतर तरी? तेवीस वर्षं होती."

"नंतर इसरलो," तो म्हणाला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला.

माझ्याबरोबर आता येता का, असं मी विचारलं. गुडघे नाहीत म्हणाला. फोनवर बोलता का? तेही नको म्हणाला. मग त्याने सांगितलेलं मी एका कागदावर स्वच्छ लिहिलं, त्याला वाचून दाखवलं आणि सही मागितली. त्याने एक शब्द बदलायला लावला. मी 'विसरलो' लिहिलं होतं. त्याऐवजी 'राहून गेलं' लिहा म्हणाला. मग सही केली. अक्षर चांगलं होतं.

परतीच्या रिक्षात मी वहीतल्या दोन शक्यतांवर काट मारली. आई खोटं बोलली नव्हती, निदान नावाबाबत नाही. जे नाव तिला मिळालं तेच तिने मला दिलं. ते वारले हे तिने का सांगितलं असेल, ते दार आठवलं की कळत होतं. ज्याने तिला नाव दिलं त्याने ते फसवायला दिलं की तोंडात बसलं होतं म्हणून दिलं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याला शोधायला माझ्याकडे त्याचं नाव नव्हतं. नाव, गाव, साल यांपैकी एक तरी धागा असल्याशिवाय कुठलंही दफ्तर उघडून उपयोग नसतो. शोध तिथे संपला.

चौथ्या दिवशी हिंजवडीला गेलो. हक्कसोडपत्र तयार होतं. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली होती.

"मी सही करू शकत नाही," मी म्हणालो. "मी त्यांचा मुलगा नाही."

"परवा व्हता की."

"परवा मला माहीत नव्हतं."

"साहेब, भाव वाढवायचा आसंल तर तोंडानं बोला. पुण्याची मानसं लई फिरवून बोलत्यात."

मी म्हाताऱ्याचा कागद त्याला दिला. त्याने वाचला. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवायला लागला. "आईला नगं सांगायला," तो म्हणाला.

मी म्हणालो, सांगायला हवं. तिच्या नवऱ्यावर तेवीस वर्षं जो आरोप होता तो खोटा होता, आणि ते लेखी माझ्या हातात होतं. चूक कळली की दुरुस्ती द्यायची, तीही चूक जिथे झाली तिथेच. या नियमाने मी आयुष्यभर काम केलं होतं आणि त्या दिवशीही मला तो बरोबर वाटत होता.

म्हातारी त्याच खाटेवर होती. मी कागद वाचून दाखवला. अवघड वाटेल तिथे सोपं करून सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं. ती चालू होईपर्यंत मी थांबलो आणि उरलेल्या चार ओळी वाचल्या.

"दोनदा सांगितलं त्यानं," ती म्हणाली.

"हो."

"तिसऱ्यांदा का न्हाई सांगितलं?"

मुलगा जमिनीकडे बघत होता.

"तुझी आय कवा गेली?" तिने मला विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"तिला हे कळलं व्हतं?"

"नाही."

"ती सुटली," म्हातारी म्हणाली. "मग मलाच सांगाय कशाला आलास?"

दुरुस्ती आम्ही आतल्या पानावर चार ओळींत छापत होतो. ती वाचणाऱ्याच्या घरी आमच्यापैकी कुणी कधी जाऊन बसलं नव्हतं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मुलाने तिच्या अंगावर चादर घातली. तिने ती काढली नाही.

व्यवहाराला कागद हवाच होता. त्यांच्या वकिलाने फोनवर तोड सुचवली. मी नोटिशीनंतर येऊन चौकशी केली हे दोन माणसांनी पाहिलं होतं, तेव्हा आपण मुलगा नसल्याचं प्रतिज्ञापत्र मीच करून द्यावं. मी हो म्हणालो. ते खरं होतं.

तीन दिवसांनी आम्ही नोटरीच्या कार्यालयात भेटलो. मुलगा माझ्या आधीच येऊन बाकावर बसला होता.

"आई कशा आहेत?"

"बोलंना," तो म्हणाला. "त्या दिसापास्नं. माझ्याशी न्हाईच. मला म्हनायचं आसंल तर सुनंला सांगती. ह्याला म्हनावं, जेवाया ये."

नोटरी सत्तरीचे होते. त्यांनी मजकूर मोठ्याने वाचला. त्यात आधी माझं संपूर्ण नाव होतं. मग, मी मयत अमुक यांचा मुलगा नाही, असं विधान. ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहू लागले.

"अहो, वर मधलं नाव तेच लावताय आणि खाली मुलगा नाही म्हणताय."

"तसंच आहे."

"मग वडिलांचं खरं नाव घाला की."

"समजू शकलं नाही," मी म्हणालो. ओळख न पटलेल्या मृताच्या बातमीत आम्ही हेच शब्द छापत असू.

"हे पोलीस स्टेशन नाही," ते म्हणाले. "रजिस्टरला वडिलांच्या नावाचा रकाना आहे. तो मोकळा सोडता येत नाही."

त्यांनी माझं ओळखपत्र ओढून घेतलं आणि त्याच्यावरून वडिलांचं नाव रजिस्टरात उतरवून घेतलं. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सवयीने मी नोंद शेवटपर्यंत वाचली. उतरवण्यात कुठेही चूक नव्हती. मी सही केली.